आधी 'कोहम्', मग एंटर!

लिनक्समध्ये एक मस्त कमांड आहे, 'हू ॲम आय'. टाइप करा, कॉम्प्युटर लगेच सांगतो की तुम्ही सध्या कोण म्हणून लॉगिन आहात. ऋषिमुनींनी 'कोहम्' या प्रश्नावर आयुष्यं घालवली, इथं उत्तर अर्ध्या सेकंदात! तरी आपण तो प्रश्न विचारत नाही आणि गोची तिथंच होते.

तुम्ही म्हणाल, मास कॉमवाली आम्हाला लिनक्स शिकवणार? शिकवत नाहीये हो, झालेला पोपट सांगतेय. मागच्या वर्षी आमच्या डिपार्टमेंटच्या ऑनलाइन अंकाचं प्रकाशन होतं आणि आदल्या रात्री साइट बंद! आमचा टेक सपोर्ट म्हणजे थर्ड इयर कॉम्प्युटरचा मित्र. लिनक्सच्या पेपरात वर्गात पहिला. त्यानं सर्व्हर तीनदा रिस्टार्ट केला, नेटवर सापडलेल्या चार कमांड न वाचताच चिकटवल्या. फरक शून्य. शेवटी लॅब सांभाळणाऱ्या दादांना फोन लावला. त्यांनी एकच कमांड टाइप करायला लावली, 'डीएफ'. डिस्क १०० टक्के भरलेली! कित्येक महिन्यांच्या लॉग फाइल्सनी सगळी जागा खाल्ली होती. जुने लॉग काढले आणि दहा मिनिटांत साइट चालू. फोन ठेवताना दादांनी विचारलं, "बॅकअप कुठंय रे?" आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो.

मित्र हुशार नव्हता असं नाही. 'डीएफ' म्हणजे काय हे त्याला पाठ होतं. ती कधी वापरायची, हे मात्र त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. व्हायवात 'सीएचमॉड'चा अर्थ विचारतात. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७, हेही आपण घडाघडा सांगतो. पण '७७७' दिलं की ती फाइल मालकाला, ग्रुपला आणि मशीनवरच्या बाकी सगळ्यांनाच बदलता येते, म्हणजे घराला कुलूपच नाही, हे लक्षात घेतो का? 'परमिशन डिनाइड' दिसलं की '७७७' ठोकून मोकळे!

हे फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ची गोष्ट. गिटलॅब या कंपनीकडे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. तिथं रात्री उशिरा एक इंजिनिअर बिघाड दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवायचं होतं, उडवलं मुख्य सर्व्हरवरचं. क्षणात चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. बॅकअप फेल होतोय हे सांगणाऱ्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक कॉपी होती, तिनं वाचवलं. मधल्या सहा तासांतला काही डेटा मात्र कायमचा गेला. कंपनीनं काही लपवलं नाही, उलट दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. हे धाडस मला फार आवडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लिनक्सचं बेसिक म्हणजे कमांडची यादी नाही. बेसिक म्हणजे एंटर दाबण्याआधीचे प्रश्न. मी कोण, साधा यूजर की रूट? मी कुठे, कुठल्या मशीनवर, कुठल्या फोल्डरमध्ये? त्यासाठी 'होस्टनेम' आहे, 'पीडब्ल्यूडी' आहे (बांधकाम खातं नव्हे!). लॉग काय सांगतोय? आणि चुकलंच तर परत कसं आणणार? ज्या बॅकअपमधून एकदाही काही परत आणून बघितलं नाही, त्याला बॅकअप म्हणू नका.

"आता एआय सांगतो की कमांड!" सांगतो ना. पण एंटर तुमचंच बोट दाबतं आणि उडालेला डेटाही तुमचाच असतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये रूटचा पासवर्ड मिळत नाही, मिळूही नये. पण घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स फुकटात टाकता येतं, त्यात उबंटू टाका. स्नॅपशॉट घ्या आणि मग बिनधास्त मोडतोड करा. डिस्क भरून टाका, परवानग्या बिघडवा, आणि लॉग वाचून दुरुस्त करा. लिनक्सचा लॉगही एक जर्नलच असतो, फक्त तो मित्राकडून उतरवून घेता येत नाही.

आणि सर, मॅडम, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या प्रॅक्टिकलला व्याख्या विचारू नका. बंद पडलेली एक मशीन समोर ठेवा आणि म्हणा, "चालू करून दाखव." निम्म्या वर्गाची फे फे उडेल. पण ती परीक्षेत उडालेली बरी, प्रकाशनाच्या आदल्या रात्री नको!