मुद्दाम सोडलेली चूक आणि विणणारीची मजुरी

क्रोशाच्या लेसची शाल हवी, पण नक्षी तंतोतंत नको. एक कोपरा आखूड, मध्येच एखादा पंखा गाळलेला, दोन बाजूंची किनार वेगवेगळी, अशी फर्माईश करणारी गिऱ्हाइके असतात. माल हाताचा दिसावा, एवढाच त्यांचा हेतू. त्यात गैर काही नाही. परंतु या व्यवहारात विणणाऱ्या बाईची मजुरी बुडू शकते, म्हणून आमच्या व्यापारी बांधवांसाठी हे लिहीत आहोत.

या फॅशनच्या समर्थनार्थ एक गोष्ट हमखास ऐकविली जाते. मुसलमान विणकर म्हणे प्रत्येक गालिच्यात एक गाठ जाणूनबुजून चुकवीत, कारण परिपूर्ण फक्त अल्लाह. ही गोष्ट आम्हांस कारागिरांची कमी आणि दुकानदारांची जास्त वाटते. माणसाच्या हातून चूक व्हायला ती ठरवावी लागत नाही. उलट, मुद्दाम चुकविले नसते तर माझे काम निर्दोष झाले असते, असे मानणे हाच अहंकार नव्हे काय?

क्रोशाला तर हाताचा पुरावा देण्याची गरजच नाही. क्रोशे म्हणून स्वस्तात खपणारी यंत्राची लेस ही नक्कल असते; जाणकार टाका पाहूनच ओळखतो.

आता काम कसे होते ते पाहा. पंखा गाळायचा म्हटले की तेथे साखळ्या घालून जागा भरावी लागते आणि पुढच्या ओळीत टाक्यांची संख्या पुन्हा जुळवावी लागते. नाही तर शाल ओली करून ताणून वाळविताना त्या बाजूला ओढली जाते. सरावाचा हात पाच खांब आपोआप घालतो. त्याला ठरावीक जागी अडवायचे म्हणजे मोजणी आली, वेळ आला. ठरवून केलेली चूक साध्या नक्षीपेक्षा महाग पडते, हे हिशेबात कोण धरतो?

उलट एकाच टाक्याला विकताना ‘हस्तकलेचे वैशिष्ट्य’ आणि मजुरी देताना ‘डिफेक्ट’ म्हणता येते. क्रोशे लेसचे भारतातील मोठे केंद्र म्हणजे आंध्र प्रदेशातील नरसापूर. तेथील स्त्रियांवर मारिया मीस यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. घरी विणणाऱ्या बाईला कामगार न म्हणता फावल्या वेळात विणणारी गृहिणी म्हटले की मजुरी किती खाली ठेवता येते, हे त्यात दिसते. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले, पण मजुरीचा दर मानांकनाने ठरत नाही.

प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. तेथे दोष गिऱ्हाइकापासून लपविला होता. येथे गिऱ्हाइकाला सारे माहीत असते; कोणती चूक मागितली आणि कोणती नाही, हे विणणारीलाच सांगितलेले नसते.

तेव्हा नमुना दोन प्रतींत करावा, गाळायच्या जागी रंगीत दोऱ्याची खूण घालावी आणि एक प्रत तिच्याकडे ठेवावी. पैसे कापायचेच तर खुणेबाहेरच्या चुकीचे कापावेत. दर बोलण्यापूर्वी एक कोपरा तिच्याकडून विणवून वेळ मोजावा, आणि त्या कोपऱ्याचीही मजुरी द्यावी.