वाइन माशाला नाही, रश्श्याला विचारून मागवा

माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड. एवढं पाठ असलं की आपल्याकडे माणूस वाइनमधला जाणकार ठरतो. आम्हा आयटीवाल्यांच्या टीम-डिनरला असा एक जण हमखास असतो. सी-फूडचं हॉटेल, टेबलाभोवती दहा जण, वाइनची यादी त्याच्या हातात आणि बाकीचे नऊ जण माना डोलावतायत. त्या नवांत मालवण-वेंगुर्ल्याकडचे असतात, बांगड्याचे कल्ले बघून तो ताजा की बर्फातला हे सांगणारे असतात. पण वाइनची यादी आली की तेही गप्प. माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे.

आधी नियमाकडे बघू. तो अगदीच खोटा नाही. २००९ मध्ये जपानमधल्या एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी स्कॅलप या शिंपल्याबरोबर वेगवेगळ्या वाइन चाखून बघितल्या. तोंडात मागाहून येणारा हिवस वास वाइनमधल्या लोहामुळे वाढतो, असं त्यांना आढळलं. लाल वाइनमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता अधिक, म्हणून नियम बऱ्याचदा चालतो. पण लोह कमी असलेल्या लाल वाइनने तसा त्रास दिला नाही. म्हणजे दोष रंगाचा नव्हता. आपण मात्र कारण सोडून लक्षणच हार्डकोड करून बसलोय.

शिवाय हा नियम युरोपातही सगळे पाळत नाहीत. पोर्तुगालमध्ये खारवलेला कॉड, म्हणजे बाकल्याव, लाल वाइनबरोबर बिनधास्त खातात. त्यांच्या उत्तरेकडच्या मिन्यु भागात लॅम्प्रे माशाच्या भाताबरोबर लाल विन्यु व्हेर्द पितात. तिथे कुणी त्यांना अडाणी म्हणत नाही.

खरी गडबड पुढे आहे. ‘माशाबरोबर व्हाइट’ म्हणताना डोळ्यासमोर असतो तो लोणी-लिंबात शिजवलेला पांढरा मासा. आपल्या ताटात मासा असा एकटा येतो कुठे? बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ आणि मिरची असते, कालवणात चिंच किंवा कोकम, गोव्याच्या रेशादमध्ये व्हिनेगर. वाइनची गाठ माशाआधी या वाटणाशी पडते. अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं. मिरचीवर टॅनिनचा तुरटपणा आणखी रुक्ष लागतो. ओकच्या पिंपात मुरवलेली, १४ टक्क्यांची भारदस्त शार्डने नियमाप्रमाणे व्हाइटच आहे, पण तिखल्याबरोबर घेऊन बघा. आगीत तेल. महाग बाटली, बरोबर रंग आणि जेवणाचं वाटोळं.

मग निवडायचं कसं? ते त्या गप्प बसलेल्या नवांना आधीपासून माहीत आहे. तिखट कालवणाबरोबर आपण सोलकढी घेतो. ती गार असते, आंबट असते, नारळाच्या दुधाने मऊ झालेली असते. मिरचीला काय आवरतं याचं उत्तर कोकणातल्या स्वयंपाकघरांनी केव्हाच शोधून ठेवलंय. वाइनही तशीच शोधा: गार, आंबट, तुरटपणा नसलेली, अल्कोहोल बेताचं. नाशिककडच्या बऱ्याच शेनिन ब्लाँमध्ये किंचित गोडी असते, ती तिखटाला सांभाळून घेते. रवा लावून तळलेलं पापलेट किंवा बोंबील असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ किंवा फसफसणारी स्पार्कलिंग छान. तळणीचा तेलकटपणा कापला जातो. रेशाद भरलेल्या बांगड्याला रोझे चालते. आणि लालच हवी असेल तर हलकी, कमी टॅनिनची निवडा आणि थोडी गार करून मागा. वेटरने भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

काही जण म्हणतील, नवख्याला एक सोपा नियम असला तर बिघडलं काय? बिघडतं ते असं, की हा नियम नवख्याला शिकवत नाही, गप्प करतो. सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० साली, महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ मध्ये. द्राक्षं नाशिकची, मासा आपल्या किनाऱ्याचा, मसाला घरचा. तरीही टेबलावर आपण परक्यासारखे बसतो आणि लाज झाकण्यासाठी यादीतली दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त बाटली दाखवतो. 

म्हणून पुढच्या वेळी आधी जेवण ठरवा, मग वाइन. कालवण किती तिखट, किती आंबट हे विचारा. ग्लासवर मिळते का, ती बाटली कधी उघडलीय, हेही विचारा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाचच ग्लास होतात, त्यावरून ग्लासची किंमत रास्त आहे का ते लगेच कळतं. आणि यादी त्या जाणकाराच्या हातातून काढून घ्या. टेबलावर कुणी वेंगुर्ल्याची असेल तर तिच्याकडे द्या. तिने आयुष्यात वाइन चाखली नसली तरी चालेल. तिला फक्त विचारा, या कालवणाबरोबर तुला काय प्यावंसं वाटेल? ती जे वर्णन करेल, तशी बाटली शोधून आणणं हे हॉटेलचं काम.