बचावपटूंची पारख : घड्याळ आणि मैदान यांतील अंतर

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. त्यांची क्रमवार निवड होते. नॅशनल फुटबॉल लीगमधील ३२ संघ दरवर्षी साधारणतः एप्रिलच्या अखेरीस सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. मागील हंगामात सर्वांत खराब कामगिरी करणाऱ्या संघाला पहिला क्रमांक मिळतो. १९३६ पासून चालत आलेल्या या ‘ड्राफ्ट’ पद्धतीचा हेतू दुर्बळ संघांना सावरण्याची संधी देणे हा आहे. आयपीएलप्रमाणे येथे बोली लावता येत नाही. हाती आलेला क्रमांक वापरणे किंवा त्याची अन्य संघाशी देवघेव करणे, एवढेच पर्याय संघापुढे असतात. त्यामुळे निवडीपूर्वीच्या पारखीला असाधारण महत्त्व येते आणि ही पारख सर्वाधिक अवघड ठरते ती बचावपटूंच्या बाबतीत.

आक्रमण करणाऱ्या खेळाडूचे काम आकड्यांत दिसते. त्याने किती यार्ड मजल मारली, किती गुण मिळवून दिले, हे मोजता येते. बचावपटूचे तसे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच खाली पाडणे, म्हणजे ‘सॅक’, ही त्याची ठळक नोंद असते. परंतु एखाद्या बलाढ्य बचावपटूला अडविण्यासाठी समोरचा संघ दोन खेळाडू लावतो, तेव्हा मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याच्या नावावर सॅक जमा होतो. कॉर्नरबॅकची गोष्ट तर त्याहून निराळी आहे. तो इतका कुशल असेल की क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने चेंडू टाकण्याचे टाळू लागेल, तर त्याच्या नावापुढे फारसे काही नोंदलेच जात नाही.

ही अनिश्चितता कमी करण्यासाठी संघ मोजमापाचा आधार घेतात. निवडीपूर्वी इंडियानापोलिस शहरात भरणाऱ्या ‘कंबाईन’ या चाचणी शिबिरात तीनशेहून अधिक खेळाडूंची उंची, वजन, हातांची लांबी, उडी आणि चपळता तपासली जाते. ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव आणि सुमारे १०२ किलो वजन सलग उचलण्याची चाचणी यांकडे सर्वांचे लक्ष असते. सर्वांना समान कसोटी लागते, हा या पद्धतीचा गुण आहे. मात्र या धावण्याच्या चाचणीत खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी नसतो, ही तिची मर्यादाही आहे.

१९९५ ची निवड या संदर्भात आजही आठवली जाते. बोस्टन कॉलेजच्या माइक मॅमुला याने चाचण्यांत लक्षवेधी कामगिरी केली. त्याला मिळविण्यासाठी फिलाडेल्फिया ईगल्सने आपला १२ वा क्रमांक व दुसऱ्या फेरीतील दोन संधी टॅम्पा बे संघाला देऊन सातवा क्रमांक घेतला. मॅमुलाने कारकिर्दीत साडेएकतीस सॅक नोंदविले. कामगिरी टाकाऊ नव्हती. पण मोजलेली किंमत फार मोठी होती. टॅम्पा बेने त्या १२ व्या क्रमांकावर मैदानाबाहेरील बातम्यांमुळे मागे पडलेल्या वॉरन सॅपला घेतले आणि मिळालेल्या एका संधीचा उपयोग करून डेरिक ब्रूक्सलाही निवडले. हे दोघे २००३ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचे आधारस्तंभ होते. पुढे दोघांनाही हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

उलट दिशेची चूकही घडते. २०१४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड आपल्या जागेसाठी ठेंगणा आणि हलका मानला गेला. मैदानावर त्याने प्रतिस्पर्ध्यांना हैराण केले होते आणि त्याच्या चाचण्याही उत्तम झाल्या होत्या. तरीही त्याच्याआधी १२ खेळाडू निवडले गेले. २०१७, २०१८ आणि २०२० या तिन्ही हंगामांत तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेल्या जेडेव्हियन क्लाउनीला गुडघ्याच्या दुखापतीने पहिल्याच हंगामात ग्रासले. आरोग्याचे भाकीत कोणतीही चाचणी खात्रीने करू शकत नाही.

म्हणून मोजमाप निरर्थक ठरवावे काय? तसे म्हणणेही घाईचे होईल. २०२२ मध्ये जॅक्सनव्हिल संघाने जॉर्जिया विद्यापीठाच्या ट्रॅव्हॉन वॉकरला पहिल्या क्रमांकावर निवडले. महाविद्यालयातील अखेरच्या हंगामात त्याचे अवघे सहा सॅक होते, तर दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या मिशिगनच्या एडन हचिन्सनचे १४ होते. पहिल्या वर्षी हचिन्सनने साडेनऊ आणि वॉकरने साडेतीन सॅक नोंदविले, तेव्हा टीकाकारांना बळ मिळाले. मात्र २०२३ मध्ये वॉकर दहावर पोहोचला आणि २०२४ मध्ये त्याने साडेदहाची नोंद केली. जॉर्जियाच्या त्या संघातून पहिल्याच फेरीत पाच बचावपटू निवडले गेले होते. अशा संघात एकाच्या वाट्याला मोठे आकडे येणे कठीण असते. हचिन्सनची निवड अधिक सुरक्षित होती, हे खरे. पण वॉकरच्या कमी आकड्यांमागील कारण शोधणारेही चुकले नव्हते.

या उदाहरणांतून एक क्रम स्पष्ट होतो. प्रथम खेळाडूच्या सामन्यांची चित्रफीत पाहावी, त्याच्यासमोर कोण होते आणि त्याच्यावर कोणती जबाबदारी होती हे तपासावे. त्यानंतर मोजमापाने त्या निष्कर्षाची खातरजमा करावी. चित्रफीत आणि घड्याळ यांत तफावत आढळली, तर पुन्हा चित्रफितीकडेच वळावे. घड्याळाने प्रश्न विचारावा. उत्तर मात्र मैदानाने द्यावे.

हा केवळ संघांच्या हिताचा प्रश्न नाही. २०११ च्या करारानंतर नव्या खेळाडूचे वेतन मुख्यतः त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून ठरते आणि पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूला आणखी एक वर्ष रोखून ठेवण्याचा अधिकारही संघाला असतो. आपला संघ निवडण्याची मुभा खेळाडूला जवळजवळ नसते. दुखापतींनी अनेकांची कारकीर्द अल्पकाळात संपविणाऱ्या या खेळात दोन इंच कमी उंचीमुळे मागे पडलेल्या तरुणाला त्या चुकीची भरपाई मिळेलच असे नाही. संघाला पुढील वर्षी पुन्हा संधी मिळते. खेळाडूची निवड मात्र एकदाच होते.