रीती भूतकाळ आणि कॅमेरा : माध्यमांतराच्या शालेय अध्यापनाविषयी

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा विषय आपल्याकडे सामान्यतः पदव्युत्तर अभ्यासक्रमात भेटतो. तोवर विद्यार्थ्याने विशी ओलांडलेली असते आणि कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाविषयीचे त्याचे मतही बव्हंशी पक्के झालेले असते : मूळ पुस्तक श्रेष्ठ, चित्रपट ही त्याची पातळ आवृत्ती. या मताचे बी शाळेतच पडते. पाचवी ते आठवीच्या वर्गांत अशी तुलना कधी करून घेतलीच, तर ती ‘साम्य व फरक’ या दोन रकान्यांपलीकडे सहसा जात नाही. कोणता प्रसंग गाळला, कोणता वाढवला, याची यादी होते आणि शेवटी निकाल दिला जातो. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे असे, की हा विषय बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गांभीर्याने शिकवता येतो, आणि त्यासाठी लागणारे साधन त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातच आहे. मात्र ‘काय बदलले?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोण सांगत आहे, आणि कोणत्या काळात?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

उदाहरणादाखल ‘श्यामची आई’ घेऊ. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास कादंबरी म्हणावे की आत्मकथन, हा वाद येथे बाजूस ठेवू. गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला व त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढे २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, तोही कृष्णधवल. त्या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. एकाच संहितेची सत्तर वर्षांच्या अंतराने झालेली दोन माध्यमांतरे हाती असणे ही अध्यापनाच्या दृष्टीने दुर्मीळ सोय आहे. शिवाय साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तर अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते आणि ‘नवयुग वाचनमाले’चे कर्तेही. मुलांसमोर उभे राहून बोलण्याचा अनुभव दोघांनाही होता. या कृतीची तुलना वर्गात व्हावी हे त्यामुळे अधिकच सयुक्तिक ठरते.

आता संहितेकडे वळू. पुस्तकाची प्रकरणे म्हणजे बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील सायंप्रार्थनेनंतर प्रौढ श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे वाचकाला आई प्रत्यक्ष भेटत नाही. तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी मुलाच्या तोंडून ती ऐकू येते. या सांगण्याला साजेसे क्रियारूप मराठीत आहे. ‘आई पहाटे उठे, सडा घाली, फुले वेची’ या धाटणीच्या वाक्यांत कोणतीही एक विशिष्ट पहाट नसते. शेकडो पहाटा एका क्रियापदात मिसळलेल्या असतात. मुलांना हा काळ ‘रीती भूतकाळ’ या नावाने, बहुधा ‘उठत असे, घालीत असे’ या रूपांत, शिकवलेला असतो. स्मरणाची ही भाषा होय. ज्यांना आपण फार काळ पाहिले आणि पुढे गमावले, त्यांच्याविषयी आपण याच काळात बोलतो.

कॅमेऱ्यापाशी हे क्रियारूप नाही. त्याला एकच पहाट निवडावी लागते. त्या पहाटेचा प्रकाश, ते विशिष्ट लुगडे, वनमालाबाईंचा तो विशिष्ट चेहरा. शब्दाने जे सामान्य ठेवले होते ते चित्राला विशेष करावेच लागते. याचा अर्थ चित्रपट दरिद्री ठरला असा मात्र नव्हे. ‘नेहमी’ सुचवण्याचे त्याचेही मार्ग आहेत : एकाच कृतीची पुनरावृत्ती, वेगवेगळ्या दिवसांतील दृश्यांची सलग मालिका, गाण्याच्या काही मिनिटांत उलटणारे दिवस. १९५३ च्या चित्रपटातील वसंत देसाई यांच्या संगीताकडे मुलांनी या दृष्टीने लक्ष दिले, तर गाणे हे केवळ ‘वाढवलेले’ राहत नाही; ते काळ हाताळण्याचे साधनही ठरू शकते. २०२३ च्या चित्रपटात ओम भुतकर यांनी रंगवलेले प्रौढ साने गुरुजी पडद्यावर येतात. आठवणारा दिसू लागला की आठवणीचे रूप कसे पालटते, हा प्रश्न सातवीतील मूलही विचारात घेऊ शकते.

वर्गातील रीत साधी असावी. श्याम पोहण्यास भितो म्हणून आई त्याला मारते, ते प्रकरण आधी मोठ्याने वाचावे. मुलांनी त्यातील क्रियापदे तीन गटांत लिहावीत : एकदाच घडलेले, नेहमी घडणारे, आणि सांगणाऱ्याला आज वाटणारे. मग १९५३ च्या चित्रपटातील तोच प्रसंग दोनदा पाहावा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्या गटातील वाक्ये पडद्यावर कोठे गेली, ती अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर उतरली की नाहीशी झाली, यावर प्रत्येकाने पाच वाक्ये लिहावीत. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न या तासाला विचारूच नये.

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपट दाखवला की मुले पुस्तक उघडणार नाहीत, असे अनेक शिक्षक मानतात. ही भीती निराधार नाही. परंतु ती चित्रपट पुस्तकाऐवजी दाखवण्याविषयी आहे. क्रियापदांचे गट पाडण्यासाठी पुस्तक उघडावेच लागते. दुसरा आक्षेप असा, की या वयाच्या मुलांना निवेदक आणि लेखक यांतील भेद झेपणार नाही. वस्तुतः घरी आजीने सांगितलेली हकिकत आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट यांत अंतर असते, हे मुले उत्तम जाणतात. त्यांच्यापाशी नसते ती केवळ परिभाषा.

या अध्यापनात पणाला काय लागले आहे, हे ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणावरून ध्यानात यावे. थकलेल्या महार म्हातारीला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, आणि घरी आल्यावर स्नान करण्यासही सांगते. ती रूढी मोडते आणि पाळतेही. अशा प्रसंगाचे माध्यमांतर करताना स्नानाची ती सूचना ठेवायची की वगळायची, हे ठरवावेच लागते आणि त्या निवडीतून आईची प्रतिमा बदलते. गाळल्यास आई निष्कलंक होते. ठेवल्यास ती आपल्या काळाची, तरीही काळापुढे एक पाऊल टाकणारी स्त्री राहते. कोणत्याही प्रतिमेमागे कोणाची तरी निवड असते, हे ज्या मुलाला एकदा उमगले, ते पुढे कोणतीही पूज्य प्रतिमा डोळे मिटून स्वीकारणार नाही. दिवसातला बराच वेळ पडद्यापुढे जाणाऱ्या आजच्या पिढीला भाषाविषयाने द्यावयाची हीच खरी शिदोरी होय.

म्हणून सूचना अशी, की एम.ए.च्या वर्गात माध्यमांतराची सिद्धान्तचर्चा करणाऱ्या विद्यार्थ्याने किमान दोन तासिका जवळच्या एखाद्या शाळेतील सातवीच्या वर्गावर घ्याव्यात व मुलांनी लिहिलेली वाक्ये विभागात वाचून दाखवावीत. आपल्यापैकी पुष्कळांचे विद्यार्थी उद्या शाळांतच शिकवणार आहेत. निवेदनमीमांसेची जी संकल्पना त्यांना रीती भूतकाळाच्या दोन उदाहरणांनिशी मुलांना समजावून सांगता येत नाही, ती त्यांना स्वतःला कितपत उमगली आहे, याचीही परीक्षा तेथे आपोआप होईल.