'तू', 'तुम्ही' आणि नॉटिंगहॅममधील आपली मुले

इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 'सर्वनाम' ही संज्ञा मुलांना इयर फोरमध्ये, म्हणजे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी भेटते. त्याआधी इयर वनमध्ये 'आय' हे सर्वनाम कॅपिटल अक्षराने लिहावे, एवढे सांगितलेले असते. नामाची पुनरुक्ती टाळणे आणि वाक्ये परस्परांशी जोडणे, हे सर्वनामाचे मुख्य काम तेथे मानले आहे. इंग्रजीपुरते ते योग्यच आहे. मुलाने शिक्षिकेला, बसचालकाला, पंतप्रधानांना किंवा घरच्या मांजराला 'यू' म्हटले तरी व्याकरण कोठेही बिघडत नाही.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मात्र पाच वर्षांच्या मुलासमोरही हा विषय पहिल्याच वाक्याला उभा राहतो. समोरच्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हे ठरवल्यावाचून मराठीत साधे पाणीही मागता येत नाही. त्यावर आपण सहसा एक तक्ता देतो: मी-आम्ही, तू-तुम्ही, तो-ती-ते. खाली टीप असते की मोठ्यांना 'तुम्ही' म्हणावे. आमचा आक्षेप तक्त्याला नाही, त्या टिपेतील 'मोठे' या शब्दाला आहे. मोठे कोण, हे तक्ता सांगत नाही. मूल ते घरी ऐकून ठरवते.

आणि घरी ते काय ऐकते? सुट्टीत नागपूरला किंवा पुण्याला गेलेले मूल ऐकते की डॉक्टर 'आले', शेजारचे काका 'आले', पण भांडी घासायला येणाऱ्या साठीच्या बाई 'आली'. सोसायटीचा पहारेकरी वयाने आजोबांएवढा असला तरी तो 'तो'च असतो. तोंडावर 'तुम्ही' म्हणणारी माणसेही पाठीमागे 'ती' आणि 'तो' वर येतात, कारण ज्याच्याविषयी बोलायचे तो हरकत घ्यायला समोर नसतो. म्हणून आमच्या मते तृतीय पुरुष हीच आदराची खरी परीक्षा आहे. वर्गात आपण तिच्याकडे जवळजवळ लक्षच देत नाही. 'तुम्ही बसा' एवढे पाठ झाले की शिष्टाचार शिकवून झाला असे समजतो.

ही गोष्ट इतर कोणापेक्षा आपल्याला अधिक बोचली पाहिजे. महारवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला गावातल्या पोराने 'अरे' म्हणायचे, धोंडीचा 'धोंड्या' आणि रामाचा 'राम्या' करायचा, आणि त्या म्हाताऱ्याने पोराला 'जी मालक' म्हणून उत्तर द्यायचे, ही रीत ज्यांनी कानांनी ऐकली ते लोक आपल्या घरांत आजही आहेत. जोहाराच्या जागी 'जयभीम' आला. त्याची थोरवी हीही आहे की तो दोन्ही बाजूंनी सारखाच उच्चारला जातो. त्याच समाजातील स्थिरावलेल्या घरांमध्ये मोलकरणीसाठी एकेरी क्रियापद राहावे आणि ते मुलाने भाषेचा नियम म्हणून नॉटिंगहॅमला घेऊन यावे, हे आम्हांस मान्य नाही.

ज्या शहरात आपण राहतो त्या शहरालाही सर्वनामांचा इतिहास आहे. क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी १६४९ मध्ये येथील सेंट मेरी चर्चमध्ये प्रवचन मध्येच अडवले आणि त्यांना नॉटिंगहॅमच्या तुरुंगात जावे लागले. त्या काळी इंग्रजीतही आपल्या 'तू'सारखा 'दाऊ' आणि 'तुम्ही'सारखा 'यू' होता. श्रीमंत असो की गरीब, प्रत्येकाला 'दाऊ'च म्हणायचे, कोणापुढे टोपी काढायची नाही, असा फॉक्स आणि त्यांच्या अनुयायांचा आग्रह होता. त्यापायी त्यांनी मार खाल्ला आणि तुरुंगही सोसला. १६६० मध्ये फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांसह अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनावर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याचे रूप मुलांच्या अक्षरओळखीच्या फळीवर बेतलेले होते. मोठमोठ्या विद्वानांना बालवर्गात बसवण्याचा तो खोडकरपणा आम्हांला फार आवडतो! पुढे इंग्रजीने उलटा मार्ग धरला आणि सर्वांनाच 'यू' केले. 'दाऊ' बोलीत मात्र टिकला. जवळच्याच ईस्टवूडमध्ये जन्मलेल्या डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबऱ्यांतील खाणकामगार तो वापरतात. आज येथील दुकानात आणि बसमध्ये लहानथोर सर्वांना 'डक' म्हणतात, हे तर मुलांना ठाऊकच असते.

क्वेकरांनी सर्वांना 'तू'वर आणायचे ठरवले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'तू'च ऐकावे लागले, त्यांना तो मार्ग कसा पटावा? आपली दिशा सर्वांना 'तुम्ही'पर्यंत वर नेण्याची असणेच स्वाभाविक आहे. त्याला आधार शोधायला दूर जावे लागत नाही. चुल्लवग्गात कथा आहे की शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनी आपल्याबरोबरच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली, म्हणजे त्याला वंदन करताना आपला कुलाभिमान गळून पडेल. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना परस्परांस कसे संबोधावे हे सांगितले: ज्येष्ठाने कनिष्ठाला नावाने किंवा 'आवुसो' म्हणावे, कनिष्ठाने ज्येष्ठाला 'भन्ते'. म्हणजे संघातही संबोधनात भेद होता, पण तो दीक्षेच्या क्रमावर ठरत असे. जन्म आणि धंदा त्यात येत नव्हते.

आमची सूचना एवढीच आहे. मुलांना सांगावे की अनोळखी प्रौढ व्यक्ती, मग ती शल्यविशारद असो की झाडू मारणारी, 'तुम्ही' असते आणि ती निघून गेल्यावरही 'ते' किंवा 'त्या'च राहते. तक्त्याऐवजी चित्रे द्यावीत: परिचारिका, कचरा नेणारे काका, बाळ, कुत्रा, भन्तेजी, भांडी घासणाऱ्या मावशी. प्रत्येकाविषयी 'आला, आली, आले, आल्या' यांतले काय म्हणाल, असे विचारावे. मुले चुकतील. कुत्र्यालाही 'आले' म्हणतील, आणि हसतील. बिघडत नाही.

आईचे काय, हा प्रश्न अवघड आहे. बहुतेक घरांत आई 'तू' आणि बाबा 'तुम्ही' असतात. 'बाबासाहेब म्हणाले' म्हणणारे आपणच 'रमाई म्हणाली' म्हणतो. त्यात जिव्हाळा आहे हे आम्ही नाकारत नाही. परंतु जिव्हाळा नेहमी स्त्रीच्याच वाट्याला आणि आदर पुरुषाच्या, ही वाटणी मुलींच्या लक्षात येते. घराने दोघांनाही 'तू' म्हणावे किंवा दोघांनाही 'तुम्ही'. आम्हांस दोन्ही चालेल. आजीला चालेल की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

एका व्यक्तीसाठी इंग्रजीत 'दे' वापरावे का, यावर या देशात बराच वाद चालतो. आपल्या मुलांना तो ऐकून निदान बुचकळ्यात पडायचे कारण नाही. आजोबा एकटेच असतात आणि तरी 'ते आले' असतात. तेथे कारण लिंगाचे, येथे आदराचे, एवढा फरक सांगितला की पुरे.

राहिले 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजी 'वी' मध्ये ऐकणारा धरला आहे की वगळला, हे कळत नाही. मराठीत ते सांगावेच लागते. संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ 'आम्ही'ने सुरू होतो. वर्गातल्या मोठ्या मुलांना विचारून पाहावे की तेथे 'आपण' का नसेल. लहानांसाठी मात्र खाऊचा डबा पुरेसा आहे: 'आम्ही खातो' म्हटले की शेजारच्याला मिळत नाही, 'आपण खाऊ या' म्हटले की मिळतो.