‘कायम’ होण्याची सक्ती कशाला?



फ्रीलान्सर कर चुकवण्यासाठीच कायम नोकरी नाकारतात, हे आपल्या लेखातले विधान वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांच्या व्यावसायिक शुल्कातून 10 टक्के कर बिल चुकते होतानाच कापला जातो.

सातपूर-अंबडचा डाय डिझायनर सकाळी एका कारखान्याचे ड्रॉइंग करतो, दुपारी दुसऱ्याचे. ‘कायम व्हा, नाहीतर काम बंद’ म्हणणारा मालक त्याची बाकीची गिऱ्हाइके तोडतो. वर नोकरी सोडल्यावरही स्पर्धकाकडे न जाण्याची अट! करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे ती टिकत नाही.

कायम नोकरीत भविष्य निर्वाह निधी मिळतो, एवढे मान्य. पण ज्यांना खरोखर कायम व्हायचे आहे, ते आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी 2025 मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते. लेखकाने आग्रह तिथे धरावा.

— एक वाचक, सातपूर, नाशिक