चेहरा वाळवल्याने मुरुमे जात नाहीत

थंडीचे दिवस सुरू झाले की एक तक्रार हमखास येते. गालांची त्वचा ओढल्यासारखी होते, ओठांच्या कडेला पापुद्रे सुटतात आणि त्याच चेहऱ्यावर हनुवटीपाशी लाल, ठणकणाऱ्या पुटकुळ्याही असतात. "डॉक्टर, त्वचा तर कोरडी, मग मुरुमे कशी?" असे विचारणाऱ्यांत नववीतल्या मुलांपासून तिशी ओलांडलेल्या गृहिणींपर्यंत सगळे असतात.

मुरुमे म्हणजे तेलकट त्वचा आणि तेल काढले की मुरुमे गेली, हा आपल्याकडचा पक्का समज. वस्तुस्थिती अशी की मुरूम तयार होतो रंध्राच्या आत. मृत पेशींचे बूच बसते, मागे स्निग्ध पदार्थ तुंबतो, जंतू वाढतात आणि सूज येते. साबण तिथे पोहोचतच नाही. तो धुऊन नेतो ते वरचे संरक्षक आवरण. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू सुमारे ५. वडीच्या साबणाचा ९ ते १०. त्यात आपल्याकडे अनेक घरी बोअरचे जड पाणी. साबणाला धड फेस येत नाही, म्हणून आणखी चोळायचे, आणि चोथा त्वचेवर राहतो तो राहतोच. दिवसातून पाच वेळा तोंड धुणारी मुले मी पाहतो. त्यांचा चेहरा स्वच्छ नसतो, सोललेला असतो.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनीही त्वचा भाजते आणि मागे काळे डाग राहतात. मुरुमापेक्षा हे डागच जास्त महिने टिकतात.

पण माझा खरा राग आहे तो औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या ट्यूबेवर. लग्न ठरवायचे असते, 'बघण्याचा कार्यक्रम' तोंडावर असतो, शेजारीण एक नाव सुचवते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, लाली उतरते. कारण त्यात स्टेरॉइड असते. मग ट्यूब थांबवली की आग आणि दुप्पट मुरुमे. म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात उभे राहवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे 'शेड्यूल एच' मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती मिळतात. दुकानदाराचा दोष आहेच. पण "मागच्या वेळचीच द्या" म्हणणारे आपणही आहोत.

मग करायचे काय? सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशने दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने चेहरा धुवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपा. त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर लावा. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेले पाहून घ्या. महागच हवे असे नाही. खोबरेल अंगाला उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर त्याने रंध्रे बुजू शकतात. (आज्या रागावतील, पण नाइलाज आहे.) दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन लावा.

औषधे चांगली आहेत, फक्त कोरड्या त्वचेला ती हळूहळू द्यावी लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचे पुरते. जास्त तीव्र घेऊन फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने उशीच्या अभ्य्राचा रंग उडतो, घाबरू नका. ॲडापॅलीन रात्री, मटाराच्या दाण्याएवढे, पूर्ण चेहऱ्याला. सुरुवातीला एक दिवसाआड आणि आधी मॉइश्चरायझर लावून. गरोदर स्त्रियांनी ते वापरू नये. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळून सोडून देतात.

खोल, दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस येत असतील, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. जाताना चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. नावे तोंडपाठ नसतात, आणि "ती पांढरी, निळ्या झाकणाची" एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.